जत्रेतली तोफ

कार्बाइडचा वास आला की मला सोलापूरच्या जत्रेतली ती कार्बाइडवर उडणारी खेळातली तोफ आठवते. बहात्तर साल असेल, मी सातवीत होते. तीन गोळ्यांत पत्र्याचा बुरूज पाडणाऱ्याला कंपासपेटी मिळणार होती. दादाच्या पहिल्या दोन्ही गोळ्या बुरुजावरून पलीकडे गेल्या. "तोंड जरा खाली घे की," मी म्हणाले. "मग तूच मार," म्हणत त्याने तिसरी गोळी मला दिली. मी नळी दोन बोटं खाली घेतली. धडाका झाला, कानांना दडे बसले आणि धूर विरला तेव्हा बुरूज आडवा झाला होता. खेळवाल्याने पेटी दादाच्या हातात ठेवली. "आप्पा, मी पाडला!" मी वडिलांना म्हणाले. "व्हय गं, तूच पाडलास. पण तुला काय करायची ती? त्याला पुढं शिकायचंय." त्या उन्हाळ्यात माझी शाळा सुटली आणि मी आईशेजारी विड्या वळायला बसले. दादाने कॉलेज दोन वर्षांत सोडलं. परवा थकलेले आप्पा दादाच्या नातीला सांगत होते, "तुज्या आजोबानं एका गोळीत बुरूज पाडला हुता." दादा शेजारीच होता. त्याने मान खाली घातली, पण नाही म्हटलं नाही.