सातव्या धुराड्यावर अडलेली सही

काकूंच्या डोळ्याला खोट शोधायची सवय होती. वीस वर्षं त्यांनी शर्टांच्या कारखान्यात शिवण तपासली. फक्त एकदा, मुकादम फार मागे लागला म्हणून, कच्च्या शिवणीच्या गठ्ठ्यावर त्यांनी ‘पास’चा शिक्का मारला. माल परत आला, मुकादम हात झटकून मोकळा झाला आणि काकू घरी बसल्या. दुसऱ्याच्या घाईसाठी सही करायची नाही, ही खूणगाठ त्यांनी तेव्हाच बांधली.

मग व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत त्या खेळ तपासायला लागल्या, तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला. काकूंचं म्हणणं एवढंच, की काम तेच आहे, कापड बदललंय.

या वेळचा खेळ मोठा गोड होता. एक पत्र्याची किटली छपराछपरांवरून उड्या मारत आपल्या घरी निघालेली. उडी मारली की तिचं झाकण क्षणभर वर राहायचं आणि मग टप्पकन बसायचं. थकली की नळीतून उसासा टाकायची. काकूंनी अहवालात गुणांचा रकाना हात आखडता न घेता भरला. पडल्यावर किटली स्वतःच पोचा काढते, हे तर दोनदा लिहिलं.

दोषांच्या रकान्यात दोनच ओळी होत्या. पहिली: सातव्या धुराड्यावरची उडी जमत नाही. दुसरी: अंधारात छपराची कड दिसत नाही.

खेळ शुक्रवारी बाजारात जायचा होता आणि त्याआधी अहवालाखाली ‘खेळ ठीक आहे’ अशी सही हवी होती. मालकांनी पहिली ओळ वाचली आणि सगळ्यांदेखत ते धुराडं हसत हसत पार करून दाखवलं. चित्रकार बाईंनी केलं, संगीतकारानेही केलं. काकू मात्र सकाळपासून साठ वेळा पडल्या होत्या. कारखान्याच्या खडखडाटाने त्यांचे कान अधू झालेले, त्यामुळे त्या आवाज बंद ठेवूनच खेळत. मालकांना हे ठाऊक होतं.

“काकू, हा दोष खेळाचा नाही, तुमच्या कानांचा आहे,” ते म्हणाले. “सही करा.”

काकूंना ते फार लागलं. पण त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. मघाशी सगळे खेळत असताना त्या पडद्याकडे नाही, पायांकडे बघत होत्या. सातव्या धुराड्यापाशी प्रत्येकाचा पाय जमिनीवर ठेका धरत होता. खेळाच्या संगीतातला ढोल वाजला की बोट दाबायचं, हे त्या मंडळींच्या अंगात इतकं मुरलं होतं, की आपण उडी डोळ्यांनी मारतच नाही, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

काकू उठल्या आणि त्यांनी मालकांच्या यंत्राचा आवाज बंद केला.

“आता मारा उडी.”

मालक पडले. पुन्हा पडले. सहाव्यांदा किटलीने पोचा काढला, तेव्हा खोलीत कोणी हसलं नाही. चित्रकार बाई पडल्या. ज्याने तो ढोल वाजवला होता तो संगीतकारही पडला.

तरी मालक हटेनात. बहुतेक लोक आवाज लावूनच खेळतात, तारीख ठरलीय, वगैरे.

“मग दुकानात कान तपासून खेळ देणार का?” काकूंनी विचारलं. “माझे कान गेलेत, साहेब. सही अजून माझीच आहे.”

तुमच्यावाचून काही अडत नाही, असं म्हणून मालकांनी कागद दुसऱ्यांपुढे सरकवला. तो टेबलाभोवती फिरला. चित्रकार बाईंनी पुढे ढकलला, संगीतकाराने मान हलवली. कागद कोराच परत आला.

शुक्रवार गेला. पुढच्या आठवड्यात सातव्या धुराड्यातून ढोलाच्या ठेक्यावर धुराचा इवलासा गोळा निघू लागला. काकूंनी तो पाहिला, बटण दाबलं, किटली पलीकडे गेली. मालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पेन पुढे केलं.

काकूंनी पेन घेतलं. पहिली ओळ खोडली. अंधारातल्या कडेची दुसरी ओळ अधोरेखित केली आणि कागद परत दिला.