पहिल्या खिळ्यावरचं बंदर

पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे एक टेम्पो अडकला होता. त्यात नव्या लाकडी पेट्या, आणि त्यांवरच्या ओल्या काळ्या रंगाचा उग्र वास. त्या वासानं मला थेट येरवड्यातल्या माझ्या जुन्या खोलीच्या दारात नेऊन उभं केलं. शेजारच्या खोलीतली मावशी संध्याकाळी कामावरून यायची तेव्हा तिच्याआधी हाच वास चाळीत शिरायचा.

ती चंद्रपूरकडची. यंत्रांचे सुटे भाग परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात ती पेट्यांवर बंदरांची नावं रंगवायची. प्रत्येक बंदराचा पत्र्यात कापलेला साचा, आणि सगळे साचे भिंतीवर खिळ्यांना टांगलेले. रोज लागणारा हाताशी, क्वचित लागणारा लांब. वर्षानुवर्षं पहिल्या खिळ्यावर अमेरिकेचं ह्यूस्टन होतं. अमेरिकेनं आयातशुल्क वाढवलं आणि काही महिन्यांतच तिथे दुबईचं जेबेल अली आलं. कपडे वाळत घालताना तिनं हे मला सहज सांगितलं.

मी चळवळीच्या, पत्रकांच्या घरात वाढलेली. बाराखडी गिरवण्याआधी पत्रकांच्या घड्या घालायला शिकले. अशा माणसाला भिंतीवरचा एक खिळा पुरतो. निर्यातीत अमेरिकेचा वाटा घटला, दुबईचा वाढला, म्हणजे एकाच गिऱ्हाइकाच्या दारात उभं राहण्याची देशाची लाचारी संपत आली, असं मी त्वेषानं लिहिलं. नारायण पेठेतल्या छापखान्याच्या मालकांनी मजकूर वाचून विचारलं, "अमेरिकेलाही प्रत पाठवणार आहात का? पोस्टाचा खर्च वेगळा पडेल." मी हसलेसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर पत्रकं वाटली.

संध्याकाळी मावशीनं दारात बसून, ओठ हलवत ते शेवटपर्यंत वाचलं.

"खरं आहे सगळं. पण पेट्या किती, ते काहून नाही लिहिलं तू?"

"म्हणजे?"

"दुबईला आधी जेवढ्या जायच्या तेवढ्याच जातात, बाई. अमेरिकेच्या थांबल्या, म्हणून दुबई पुढे दिसते."

वाटा वाढला होता, माल वाढला नव्हता. इतकं साधं गणित, आणि मी त्यावर आख्खं स्वातंत्र्य उभारलं होतं.

त्याच आठवड्यात पॅकिंगमधल्या बायका मॅनेजरकडे गेल्या. काम आटलंय तर कुणाला काढू नका, सगळ्यांना अर्धे दिवस द्या, एवढंच त्यांचं मागणं. त्यानं माझं पत्रक वाचून दाखवलं. "बघा, तुमच्याच बाजूची मुलगी लिहितेय, नवा बाजार मिळालाय. काम आटलंय कुठे? ज्यांचे हात हळू चालतात त्यांनाच काढतोय आम्ही." काढलेल्यांत मावशी होती. मी चूक कबूल करणारं दुसरं पत्रक काढलं. ते कुणी वाचून दाखवलं नाही.

गावी परतताना, सामान बांधता बांधता ती एवढंच म्हणाली, "पत्रकात माझं नाव घातलं नाहीस, ते बरं केलंस."

तेव्हा मला ती क्षमा वाटली. आता तिच्या खोलीत आयटीतली दोन मुलं राहतात, मीही ती चाळ सोडली, आणि जे लिहिते ते आधी वाचून दाखवावं असं शेजारी कुणी नाही. मग त्या वाक्यापाशी मी पुन्हा पुन्हा येते. नाव घालायचं असतं, तर छापण्याआधी तिला विचारावं लागलं असतं, आणि पेट्या किती ते तिनं तेव्हाच सांगितलं असतं.

हे लिहिलंय तेही तिला फोनवर वाचून दाखवायचं आहे. दोनदा लावला. नुसती रिंग वाजत राहिली.