सांधलेला दोर

खाप्याच्या एका नर्सबाईंनी मला सावरलं, हे आधी लिहून ठेवतो. झालं ते मागाहून सांगतो, कारण ते सांगायला बसलं की मी घाबराघुबरा होतो आणि त्यांचं सांगायचं राहून जातं. आम्ही सगळे त्यांना सिस्टर म्हणायचो. त्या नागपूरच्या एका दवाखान्यात होत्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. लहानपण कन्हान नदीवर गेलेलं, त्यामुळे पोहायला पक्क्या. मला पोहता येत नव्हतं. आजही येत नाही.

मी उमरेडचा, विणकराच्या घरचा. सहावीत शाळा सुटली आणि मागावर बसलो. मागाला काम उरलं नाही तेव्हा नागपूरच्या महाल भागात येऊन एका दुकानात कॅनव्हासच्या पिशव्या आणि गाड्यांच्या सीटा शिवू लागलो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक सर दुकानात आले. त्यांना पाठीवर घ्यायच्या चार पिशव्या हव्या होत्या. कर्नाटकातल्या घाटात घनदाट पावसाळी जंगल आहे, तिथे आठ दिवस पायी फिरायचं, म्हणाले. मी माप घेता घेता इतकं विचारलं की ते हसले. "तूच चल ना. पाचवी पिशवी स्वतःची शिव."

असा मी त्यांच्यात गेलो. सर, बँकेतला एक क्लार्क, पन्नाशी उलटलेले ड्रॉइंगचे एक मास्तर, सिस्टर आणि मी. ते चौघंही शिकलेले. आपल्या हातून काही येड्यासारखं होईल, ही धाकधूक मला गाडीत बसल्यापासून होती.

जंगल मला नवं नव्हतं. पण आमच्याकडचं जंगल सागाचं, उन्हाळ्यात पानं झडून मोकळं होणारं. इथे पानं झडतात की नाही तेच कळेना. दिवाळी होऊन गेली होती, तरी भरदुपारी संध्याकाळ झाल्यासारखा उजेड. कपडे वाळत नव्हते, काडेपेटी पेटत नव्हती. पायाला जळवा लागायच्या त्या कळायच्याही नाहीत, मोजा लाल दिसला की समजायचं.

"मी तं रोजच रक्तदान करून राहिलो," मास्तर म्हणायचे. "सर्टिफिकेट भेटलं पायजे."

"आधी मीठ लावा मास्तर," सिस्टर म्हणायच्या. "सर्टिफिकेट मी लिहून देईन."

चौथ्या दिवशी दुपारी ओढ्याशी आलो. सकाळपासून वर कुठेतरी पाऊस होता, पाणी गढूळ झालं होतं. आणखी चढण्याआधी ओलांडू, असं सरांनी ठरवलं. आमच्याजवळ दोन दोर होते. एक सरांचा नायलॉनचा आणि एक क्लार्कने मामाच्या विहिरीवरून आणलेला सुती. दोन्ही सांधले तरच या झाडापासून पलीकडच्या झाडापर्यंत पुरणार होते.

"गाठीचं काम विणकराकडे द्या," सर म्हणाले.

मला बरं वाटलं. चार दिवसांत पहिल्यांदा माझ्या हाताला मान होता. मागावर सूत तुटलं की ज्या गाठीने सांधतात, तीच मी मारली. ओढून पाहिली. आणि मग खिशातली कात्री काढून गाठीच्या दोन्ही बाजूंची टोकं अगदी लगत कापून टाकली. मागावर तसं करावंच लागतं. फणी म्हणजे बारीक दातांची चौकट, तिच्यातून ताण्याचा प्रत्येक धागा जातो. टोक लांब राहिलं तर अडकतं आणि सूत पुन्हा तुटतं. लहानपणी टोक ठेवल्याबद्दल मी बापाचा मार खाल्ला होता. दोराला कुठल्याही फणीतून जायचं नव्हतं, हे माझ्या मनातही आलं नाही.

सर दोराचं टोक कमरेला बांधून पलीकडे गेले, तिकडच्या झाडाला बांधलं. मग दोराला धरून क्लार्क गेला. दोघांनीही दोरावर फारसा भार टाकला नाही. मग मास्तर निघाले. मध्यावर त्यांचा पाय दगडावरून सटकला, पिशवीसकट सगळं वजन दोरावर आलं, आणि दोर मधोमध सुटला.

मास्तर वाहत गेले. पन्नासेक पावलं खाली एक झाड आडवं पडलेलं होतं, त्यात त्यांचा पाय अडकला. डोकं पाण्याखाली जात होतं, वर येत होतं. माझी पावलं जागची हलेनात. सिस्टरनी पिशवी टाकली, काठाने धावत गेल्या आणि पाण्यात उतरल्या. मास्तरांचं डोकं त्यांनी वर धरून ठेवलं, पण अडकलेला पाय एकटीने सुटेना.

"दोर घेऊन ये गा," त्या ओरडल्या. "मले हात सोडता येत नाही."

मी आमच्या बाजूच्या झाडाला बांधलेला सुती दोर सोडून ओढून घेतला. त्याचं टोक हातात आलं. विरलेलं नाही, तुटलेलं नाही, कात्रीने कापलेलं, सरळ. त्या क्षणी मला सगळं कळलं. टोकं इतकी आखूड राहिली होती की भार येताच गाठ घसरून सुटली होती.

दोराचं एक टोक त्यांच्याजवळच्या झाडाला बांधलं, दुसरं माझ्या कमरेला. गाठीवर गाठ मारली, टोकं हातभर लांब ठेवली आणि पाण्यात उतरलो. पाणी छातीपर्यंत होतं.

"काहून थांबला?" सिस्टर म्हणाल्या. "माह्याकडे पाह्य, पाण्याकडे पाहू नको."

मी त्यांच्याकडे पाहत गेलो. दोघांनी मिळून फांदी मोडली, मास्तरांना काठावर घेतलं. ते जिवंत होते. पाय घोट्याच्या वर मोडला होता.

तासाभराने पाणी उतरलं तसे सर आणि क्लार्क परत या बाजूला आले. सर सहसा चिडत नसत. त्या दिवशी ते क्लार्कला म्हणाले, "विहिरीवरचा कुजका दोर आणलास. एकदा तपासून पाहायचा नाही का?"

क्लार्क मास्तरांच्या पायाकडे पाहत उभा राहिला. मी कात्रीचं सांगितलं नाही.

दोन बांबू पिशव्यांतून घालून आम्ही मास्तरांना उचललं. दुसऱ्या दिवशी दुपारी एका सुपारीच्या बागेतल्या घरी पोचलो. त्या माणसांची भाषा आम्हाला येत नव्हती, पण त्यांनी ओसरी मोकळी करून दिली, पेज दिली, आणि गडी माणूस गाडी आणायला पाठवला. क्लार्कने पेजेला हात लावला नाही. मागच्या अंगणात सिस्टर ओला दोर गुंडाळत होत्या. मी जवळ गेलो तसं त्यांनी ते टोक माझ्यापुढे धरलं.

"हे कुजलेलं नाही."

"नाही."

"तू कापलं?"

"हो. सवयीनं कापलं सिस्टर. आता मले हाकलून देतील."

"देतील तं देतील," त्या म्हणाल्या. "तो पोरगा कालपासून जेवला नाही, पाहून राहिला नं तू? मी सांगणार नाही. तुलेच सांगा लागते. चाल, मी बाजूले बसीन."

आणि त्या खरंच बसल्या. ओसरीवर मी मास्तरांसमोर मांडी घालून बसलो, त्या माझ्या शेजारी. माझा आवाज फुटेना तेव्हा त्यांनी घाई केली नाही, मधे शब्द घातला नाही. मी गाठीचं, कात्रीचं, फणीचं सगळं सांगितलं. सर दुसरीकडे पाहू लागले. क्लार्क उठून आत गेला. मास्तर वर कौलांकडे पाहत होते.

"म्हणजे तू मले फणीतून काढलं गा," ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. मग ते म्हणाले, "बाप्पा, मरता मरता राहिलो. पण दोर कुजका होता असं समजून मेलो असतो, तं ते खोटं झालं असतं. बरं केलं सांगितलं."

सर क्लार्कच्या मागोमाग आत गेले. ते काय बोलले ते मला माहीत नाही. संध्याकाळी क्लार्क जेवला. परतीच्या प्रवासात तो माझ्याशी बोलला नाही, पण नागपूर स्टेशनवर त्याने माझी पिशवी खाली उतरवून दिली. मास्तर पुढे कायम लंगडत चालले. महालात भेटले की थांबायचे, चहा पाजायचे. मला मात्र तो चहा कधी गोड लागला नाही.

सिस्टरनी त्या दिवशीचं पुन्हा कधी काढलं नाही. त्यांच्यामुळे एक माणूस वाचला. आणि दुसऱ्याच्या माथी दोष ठेवून जगणं माझ्या वाट्याला आलं नाही, तेही त्यांच्याचमुळे. आता त्यांची नोकरी संपत आली आहे. क्वार्टर सोडावं लागेल. लग्न केलं नाही, भाऊ वारला. मी विचारलं तर म्हणतात, "माह्यं काय, होते सगळं." दुसऱ्याकडून काही घेणं त्यांना जमत नाही, म्हणून हे इथे लिहून ठेवतो आहे. पुढे कधी त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, किंवा कुठे अवघड बोलायला जावं लागलं, तर त्या एकट्या जाणार नाहीत. मी बाजूला असेन. त्यांनी माझ्यासाठी केलं ते मी एक दिवस फेडीन.