साठ रुपये आणि सतरा कुंड्या

४ ऑगस्ट, दुपारचे सव्वादोन. रक्कम साठ रुपये. हजर: आई, माझी मोठी बहीण मंदाताई आणि मी. चाळीसगावच्या आमच्या घराच्या फाटकाबाहेर रिक्षा उभी होती. आईने कमरेच्या पिशवीतून दहाच्या सहा नोटा काढल्या, दोनदा मोजल्या आणि माझ्या शर्टाच्या खिशात घातल्या.

"स्टेशनवरून घरी यायचं भाडं," ती म्हणाली. "परत येशील तेव्हा लागेल."

ही तिची जुनी पद्धत. मी शिकायला पुण्याला गेलो तेव्हापासूनची. जायचं भाडं ज्याचं त्याने द्यायचं, यायचं ती आधीच देऊन ठेवते. तेव्हा पाच रुपये असत आणि महिन्याभरात खर्च होत. एडिनबराला आल्यावर ते दोन-दोन वर्षं पुरायला लागले. हे साठ रुपये माझ्याकडे चार वर्षं पाच महिने राहिले, ग्रीनहाऊसच्या वहीत, मागच्या पुठ्ठ्याला क्लिप लावून. ते इतके दिवस का राहिले ते मी लिहून ठेवतोय. माझ्यासारखे इकडे आलेले आहेत त्यांच्यासाठी, आणि तिकडे वाट बघणारे आहेत त्यांच्यासाठीही.

एडिनबराला घर घेतलं तेव्हा मागच्या बागेतलं ग्रीनहाऊस त्याच्याबरोबरच आलं. सहा फूट बाय आठ फूट, अ‍ॅल्युमिनियमची चौकट, तीन काचा तडकलेल्या. चाळीसगावला आम्ही झाडं जगवायची म्हणजे त्यांच्यावर पोत्याची सावली धरायचो. इथे उलटं. ऊन दिसलं की कुंडी उचलून त्यात ठेवायची.

पहिल्या दोन हिवाळ्यांत माझ्या चार तुळशी मेल्या. पाचवी मरायला लागली तेव्हा तिला गाडीत घालून मी शहराबाहेरच्या नर्सरीत गेलो. ती नर्सरी मॉराग नावाच्या बाईची. वय सत्तरच्या आसपास, बोलणं मोजकं.

"पाणी किती वेळा?" तिने विचारलं.

"रोज. आंघोळ झाली की."

"झाडाची?"

"माझी."

मग तिने कुंडीत बोट खुपसून मला चिखल दाखवला. डिसेंबरमध्ये इथे पावणेचारला अंधार पडतो, झाड वाढायचं थांबलेलं असतं, रोज पाणी दिलं तर मुळं कुजतात. कुंडी उचलून बघायची, हलकी लागली तरच पाणी. आणि तुळस ग्रीनहाऊसमध्ये नकोच, किचनच्या खिडकीत ठेवायची.

मी हे फोनवर आईला सांगितलं.

"रोज नाही? मग कधी?"

"नऊ-दहा दिवसांनी."

"तुळशीला उपास घडवतोस आणि वर मला सांगतोस." मग, "पण जगली आहे ना?"

"जगली आहे."

"मग ती बाई सांगते तसं कर."

मी तसं केलं, आणि मला जमायला लागलं. आतून बबल रॅप लावलं. कुंड्या गार फरशीवरून उचलून लाकडी पट्ट्यांवर ठेवल्या. कढीपत्ता दहा अंशांखाली पानं टाकतो, म्हणून हीटरचा थर्मोस्टॅट अकरावर. दुपारी वीस मिनिटं वरची खिडकी उघडायची, नाहीतर बुरशी येते. मेअखेरीपर्यंत काही बाहेर काढायचं नाही, आणि काढतानाही दोन आठवडे दिवसा बाहेर, संध्याकाळी आत. रोज सकाळी वहीत रात्रीचं बाहेरचं सगळ्यात कमी तापमान. उणे चार, उणे सहा, एक. माझ्या हातून या देशात जगलेली पहिली गोष्ट ती तुळस होती, असं म्हटलं तर अनुराधा, माझी बायको, म्हणते, "आणि आपला मुलगा?" तो तिच्या हातून जगला.

मग इतरांच्या कुंड्या आल्या. आमच्या ओळखीच्या मराठी घरांपैकी ग्रीनहाऊस फक्त माझ्याकडे. डिसेंबरात सगळे पुण्या-मुंबईला जातात, सेंट्रल हीटिंग बंद करतात. पहिल्या वर्षी तीन कुंड्या, दुसऱ्या वर्षी आठ, मग तेरा, मग सतरा. "प्रकाशदादा, सहाच आठवडे," म्हणत सोनल मोगरा ठेवून जायची. जोशीकाकांचा कढीपत्ता सगळ्यात मोठा. बी काकूंनी रुजवलेलं. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून काका ते झाड परत घरी नेतच नाहीत. ते छताला लागलं, शेंड्याची पानं काचेला टेकून काळी पडली. मी एकदा विचारलं, "काका, थोडा छाटू का?"

"अजिबात नको," ते म्हणाले. "हिचं आहे ते."

एका जानेवारीत सकाळी बघतो तर हीटर बंद पडलेला, आत पावणेदोन अंश. सोनलचा मोगरा गेला. त्यानंतर मी हिवाळ्यात एक रात्रही घर सोडलं नाही. लीड्सला मित्राच्या मुलीचं लग्न होतं, अनुराधा एकटी गेली. सकाळ-संध्याकाळ ग्रीनहाऊसमध्ये जायचं, दार ओढून घ्यायचं आणि त्या काचांमध्ये सतरा कुंड्यांबरोबर उभं राहायचं. बाहेर बर्फ, आत मी, हलायला दोन फूट जागा. लोक मला ग्रीनहाऊसकाका म्हणायला लागले.

आता आईचं. त्या ऑगस्टमध्येच नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिचा उजवा गुडघा बदलायला हवा. ती म्हणाली, "थंडीत करू. थंडीत जखम चिघळत नाही. आणि प्रकाश आला की करू." मंदाताई गावातच राहते, तिने सगळं केलं असतं. पण आईला मी हवा होतो.

चार उन्हाळ्यांत मी गेलो नाही त्याची कारणं खरी आहेत. मुलाच्या परीक्षा, घराचं छप्पर, बदललेली नोकरी. हिवाळ्याचं कारण कुंड्या. दर नोव्हेंबरला मी फोनवर कुंड्यांचा आकडा सांगायचो. आधी ती ऐकून घ्यायची. तिसऱ्या वर्षी म्हणाली, "त्या कुंड्यांना मी काही बोलत नाही बाबा. त्या तरी तुझ्याजवळ आहेत." मागच्या वर्षी म्हणाली, "आता राहू दे ऑपरेशन. फाटकापर्यंत जायचं नसलं की गुडघा दुखत नाही."

मंदाताईने नंतर वेगळा फोन केला. आई दिवाळीपासून ओट्याच्या खाली उतरली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अजून एक वर्ष गेलं तर स्नायू इतके उतरतील की गुडघा बदलून उपयोग होणार नाही. "तू येणार नसशील तर तसं सांग तिला," ताई म्हणाली. "मग ती माझ्याबरोबर तरी करून घेईल. तू येईन म्हणतोस म्हणून ती थांबली आहे."

त्या शनिवारी आम्ही नर्सरीत खत आणायला गेलो. फाटकाशी गाडी थांबवली. अनुराधा उतरली नाही.

"हा बोर्ड तू कितव्यांदा वाचतोयस?" तिने विचारलं.

बोर्ड नर्सरीचा. हिवाळ्यात तुमची झाडं आमच्या गरम शेडमध्ये सांभाळू, कुंडीमागे आठवड्याला एक पौंड. तो बोर्ड तिथे आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हापासून आहे. मी आकडे वाचल्याशिवाय राहत नाही, हे तिला माहीत आहे. सहा वर्षं मी तो बोर्ड वाचत होतो आणि मॉरागला एकदाही विचारलं नव्हतं.

"तुला जायचं नाहीये, एवढं सांग," अनुराधा म्हणाली. "कुंड्यांचं नाव घेऊ नकोस."

जायचं नव्हतं असं नाही. जानेवारीत गेलो, आईच्या उशाशी सहा आठवडे बसलो आणि ती म्हणाली, आता इथेच थांब, तर काय सांगायचं, हे मला माहीत नव्हतं. इथे मॉर्गेज आहे, मुलगा आहे. थांबता येणार नाही. आणि तिच्या तोंडावर 'नाही' म्हणायची माझ्यात ताकद नाही. कुंड्या असल्या की प्रश्नच येत नव्हता. लोकांनी मला अडकवलं असं मी चार वर्षं सांगत आलो. दाराची कडी माझ्याच बाजूला होती.

मी आत जाऊन विचारलं, मॉरागने हिशोब केला. सतरा कुंड्या, सहा आठवडे, एकशे दोन पौंड. तिने पावती दिली आणि मी निघायच्या आधी व्हॅन घेऊन घरी आली. सोळा कुंड्या निघाल्या. जोशीकाकांचं झाड मात्र दोन फुटांच्या दारातून निघेना, आडवं केलं तरी. मी काकांना फोन केला. ते बसने आले, झाडाभोवती एक चक्कर मारली आणि मॉरागकडून कात्री घेतली. वरचे दोन फूट त्यांनी स्वतः कापले. पानं ओरबाडून पिशवीत भरली, निम्मी मला दिली.

"आईकडे चाललास ना," ते म्हणाले. "हिने आधीच छाटलं असतं रे. मीच बसलो होतो."

चाळीसगावला उतरलो. रिक्षावाल्याने शंभर सांगितले. साठ आईचे, चाळीस माझे. आई ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती.

"किती दिले?"

"शंभर."

"चाळीस वर गेले तुझे. लवकर आला असतास तर वाचले असते." मग, "किती दिवस?"

"बेचाळीस."

"मोजून आणलेस."

ऑपरेशन नीट झालं. स्नायू उतरले होते, त्यामुळे वेळ लागला. तिसाव्या दिवशी ती वॉकर धरून फाटकापर्यंत आली, ओट्यापासून चौतीस पावलं. ज्या प्रश्नाला मी इतकी वर्षं घाबरलो होतो तो तिने विचारला नाही. पस्तिसाव्या दिवसानंतर मला वाटायला लागलं की विचारला असता तर बरं झालं असतं. सकाळी ती तुळशीला पाणी घालायची तेव्हा मी तांब्या धरून शेजारी उभा राहायचो. "तुझ्या त्या बाईला सांग, इथली रोज पिते," ती म्हणायची.

एडिनबराचं घर माझ्या नावावर आहे, हप्ते अकरा वर्षांचे राहिले आहेत. चाळीसगावचं आईच्या नावावर. दोन्हीकडे मी सुट्टीच्या अर्जात लिहिलेले दिवस राहतो. फरक इतकाच दिसतो की एका घरी परत यायचं भाडं मला द्यावं लागत नाही. मी घर म्हणतो तेव्हा त्या घराला म्हणतो.

१८ फेब्रुवारी, सकाळचे साडेदहा. हजर: आई, मंदाताई, मी. या वेळी आई फाटकाशी उभी होती, एका हाताने वॉकर धरून. रिक्षावाल्याला तिने आधी भाव विचारला, मग मला शंभराची एक नोट दिली. स्टेशनवर रिक्षावाल्याला शंभर रुपये दिले ते माझ्या पाकिटातले; आईची नोट शर्टाच्या खिशातच राहिली.