माझ्या फोनातला कापसाचा भाव

त्या वर्षी आमच्या बैठकीच्या खोलीत कापूस राहत होता आणि आम्ही स्वयंपाकघरात.

भाव पार कोसळला होता. आदल्या वर्षीचं पीक बोंडअळीनं खाल्लं, यंदाचं बाजारानं खावं, हे मला मंजूर नव्हतं. म्हणून मी कापूस घरात भरला आणि जाहीर केलं की भाव चढल्याशिवाय मूठभरही विकणार नाही. (मी जाहीर करतो तेव्हा घरात कोणी मान वर करत नाही, तरी मी करतो.)

माझ्या निश्चयाला आधार होता. लेकीनं, म्हणजे प्रज्ञानं, मला नवा फोन घेऊन दिला होता. त्यावर मी 'कापूस वाढणार' असा एक व्हिडिओ पाहिला. मग दुसरा आला, आणि मग रांगच लागली. टोपीवाला म्हणे वाढणार, चष्मेवाला म्हणे वाढणार, एक जण तर गाडी चालवता चालवता सांगे की थांबा, विकू नका.

इकडे कापसात किडे झाले आणि आम्हाला खाज सुटली. मी एका हातानं चहाचा कप धरायचो, दुसऱ्यानं पाठ खाजवायचो. शेजारी चौकशीला यायचे आणि दारातूनच खाजवत परत जायचे.

अशात अकोल्याहून निरोप आला की रविवारी पाहुणे प्रज्ञाला पाहायला येतात. मुलगा तिला मनापासून आवडलेला होता. हे स्थळ हातचं गेलं असतं तर तिनं मला जन्मभर माफ केलं नसतं.

"कापूस काढा आता," माझी बायको निर्मला म्हणाली. "पाहुण्यायले काय गंजीवर बसवता?"

"बसू दे. गादीपेक्षा मऊ हाय."

"अन् थे काय खाजवत खाजवत पोरगी पाहतीन?"

"अवं, भाव वाढून राहिला. सारी दुनिया सांगून राहिली. सारी दुनिया खोटं बोलते काय?"

"माह्या फोनात तं पडून राहिला."

मी दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींवर 'कापूस' लिहिलं. माझ्या फोनात चष्मेवाला आला, वाढणार म्हणाला. तिच्या फोनात एक बाई आली, आत्ताच विका नाहीतर रडाल म्हणाली. मी निकाल दिला, "तुहा फोन बिघडला."

"बाबा, फोन नाई बिघडला," प्रज्ञा म्हणाली. "तुमी जे पाहता, तसंच तो आनखी दाखवते. आईनं पडायचे व्हिडिओ पाह्यले, तिले पडायचेच दाखवते."

"म्हंजे माहा फोन माही हाजी हाजी करून राहिला?"

"हो."

"मंग चांगला हाय. घरात दुसरं कोनी करत नाई."

निर्मलानं माझा फोन उचलून पदरानं पुसला आणि जपून चार्जिंगला लावला. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

खाजेमुळे मी रोज कडुनिंबाचा पाला टाकून तासभर अंघोळ करत होतो. बाहेर आलो की फोन गरम लागायचा. "ऊन लागलं असन," निर्मला म्हणायची. आणि बघता बघता दुनियेचं मत बदलायला लागलं. आधी टोपीवाला गायब झाला. मग ती रडाल म्हणणारी बाई माझ्याकडेही आली. शेवटी खुद्द चष्मेवाला म्हणाला, भाव पडणार. (तो दोन्ही बाजूंचे व्हिडिओ करतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.)

मी हाक मारली. "निर्मला, व्यापाऱ्याले बोलाव. दुनिया पलटली."

"तुमी म्हनान तसं," ती म्हणाली. चहा निवायच्या आत मेटाडोर दारात हजर झाली. इतक्या लवकर कशी आली, हे मी विचारलं नाही. माझा आता विकण्याचा निश्चय झाला होता, आणि निश्चय झाला की मी विचार करत नाही.

रविवारी खोली धुऊन लखलखीत होती. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "कापूस ठेवला की विकला?"

"विकला. आपला अभ्यास हाय," मी म्हणालो. "हे पाहा, भाव पडून राहिला." आणि ऐटीत फोन त्यांच्या हातात दिला. मुलाच्या आईनं वाकून पाहिलं आणि वरच्या व्हिडिओचं नाव मोठ्यानं वाचलं: 'हट्टी नवऱ्याला न भांडता कसं वळवावं.' खाली 'नवरा ऐकत नसेल तर'. त्याच्या खाली 'नवऱ्याला वाटू द्या की निर्णय त्याचाच आहे'.

मी निर्मलाकडे पाहिलं. ती पोह्यांवर कोथिंबीर घालत होती. मी न्हाणीत असताना ती माझ्या फोनावर पडत्या भावाचे व्हिडिओ लावत होती आणि मधून मधून स्वतःचाही अभ्यास उरकत होती. मुलाची आई हसत म्हणाली, "ताई, हे मलेबी पाठवा. आपलं जमते."

लग्न झालं. प्रज्ञा अकोल्यात मजेत आहे. पुढे भाव चढला, असं गावात म्हणतात. माझ्या फोनात तो अजून पडतोच आहे, त्यामुळे मलाही काही दुःख नाही. नवऱ्यांचे व्हिडिओ मात्र थांबत नाहीत. रोज दहा येतात, मी दहाही पाहतो, आणि दहाही जण सांगतात की चूक नवऱ्याचीच असते.

आता सारी दुनिया खोटं बोलते काय?