बिनहॉर्नाची मोटारसायकल

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये चहा आला की माझ्या मोटारसायकलचा विषय निघतोच. गंमत अशी की माझ्याच गाडीचे किस्से आता मला दुसऱ्यांकडून ऐकावे लागतात, आणि सांगणारा प्रत्येकजण वरून मूठभर खोबरं भुरभुरवतो. परवा ड्रॉइंगच्या मास्तरांनी मला गाडीसकट विजयदुर्गच्या तटावर चढवलं. विजयदुर्ग मी अजून पाहिलेलासुद्धा नाही. म्हटलं, खोबरं फार होण्याआधी मूळ पदार्थ आपणच वाढून मोकळं व्हावं.

०००

सुरुवात एसटीमुळे झाली. कोल्हापूरला बी.एस्सी. करून मी आचऱ्याला घरी परत आले आणि मसुऱ्याच्या शाळेत गणिताला लागले. तात्पुरती. कायम करायचं की नाही ते वर्षाअखेरीस ठरणार होतं. घरात आई आणि मी दोघीच. आईला दिवेलागणीनंतर दिसत नाही, म्हणून मसुऱ्यात खोली घेऊन राहणं शक्य नव्हतं. रोज जाऊन-येऊन करायचं, आणि सकाळची एसटी तर तिच्या मनात आलं तर येणारी. सायकल होती, पण सड्याचा, म्हणजे कातळी माळाचा, चढ लागला की सायकल मला न्यायच्या ऐवजी मीच सायकलला हाताला धरून न्यायची.

एकदा हेडमास्तरांनी बोलावलं. शांत माणूस. रागावतात तेव्हा आणखी शांत होतात.

"बाई, तुमचा तास पहिला. गणिताचा."

"हो सर."

"तुमची एसटी येते इतिहासात."

मी म्हटलं, "उद्यापासून वेळेवर येईन सर."

"कशाने?"

मी खिडकीतून एसटीच्या रस्त्याकडे बघितलं. हेडमास्तर म्हणाले, "गणित तुम्ही उत्तम शिकवता असं मुलं सांगतात. पण आपला तास संपल्यावर येणाऱ्या बाईंना कायम करा, हे मी शाळेच्या कमिटीला कोणत्या तोंडाने सांगू?"

०००

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मी दचकते. नारळ पडला की दचकते, मागून कोणी "बाई" म्हटलं की दचकते. शाळेची घंटा आता होणार हे मला घड्याळात दिसत असतं, तरी ती झाली की माझ्या हातातला खडू पडतो. अशा मुलीने मोटारसायकल घ्यायची ठरवली, ती दुसरं काही परवडणारं नव्हतं म्हणून.

गाडी होती पास्कूकाकांकडे. आमच्या वाडीपलीकडे त्यांचं घर. बरीच वर्षं आगबोटीवर नोकरी करून आता स्वतःची होडी घालतात. मोटारसायकल माडाच्या झापांखाली उभी होती. टाकीवरचं कंपनीचं नाव खाऱ्या वाऱ्याने खाल्लेलं. किंमत त्यांनी इतकी कमी सांगितली की मी तिथेही दचकले.

"इतकी स्वस्त कशाक, पास्कूकाका?"

"हॉर्न नाय."

"खंय गेलो?"

"होडयेर आसा. धुक्यात लागता. गाडी इकतंय गो बाय, हॉर्न इकूचो नाय."

मग गाडीचा आवाज ऐकवायला त्यांनी किक मारली. गाडी दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा असा काही बार निघाला, की मी गाडीजवळ होते ती एकदम त्यांच्या अंगणातल्या क्रुसामागे सापडले. त्याला दोन्ही हातांनी मिठी मारून.

पास्कूकाका अजिबात हसले नाहीत. "बरा केलंस," म्हणाले. "थंयसर सगळ्यांकाच जागा आसा."

मी क्रुसामागूनच म्हटलं, "घेते मी गाडी."

०००

शिकवणी समुद्राच्या पुळणीवर. ओहोटी लागली की वाळू घट्ट होते, आणि पडलं तरी लागत नाही. पास्कूकाका गुडघ्यापर्यंत लेंगा दुमडून मागे पळायचे आणि एकच मंत्र सांगायचे, "भियाचा नाय. जंय जावचा आसा थंय बघ."

मी समुद्राकडे बघत होते. भीती त्याचीच होती ना! आपण त्यात जाऊ नये म्हणून मी त्याच्यावर नीट नजर ठेवून होते. गाडी माझ्या नजरेच्या मागोमाग सरळ लाटांत गेली.

आम्ही दोघांनी ती ओढून बाहेर काढली. पास्कूकाका सायलेन्सरमधलं पाणी ओतत म्हणाले, "नजर बदल गो बाय. नायतर होडीच घे."

०००

आईने गाडी बघितली आणि फक्त "ह्या काय हाडलंस?" एवढंच विचारलं. मी रोज अंगणात पाचवारी पातळ सावरत किक मारायची, पाय अर्ध्यात अडकायचा, आणि आई ओटीवर बसून तांदूळ निवडत बघायची. तिसऱ्या दिवशी तिने आपलं एक नऊवारी माझ्यापुढे टाकलं.

"पाचवारीन पाय उचलाचो नाय. ह्या नेस. कासोटो घट्ट मार."

कोल्हापुरात चार वर्षं काढून, पाचवारी नेसायला शिकून आलेली मी पहिल्या दिवशी नऊवारीचा कासोटा मारून मोटारसायकलवरून मसुऱ्याला पोचले. हेडमास्तर व्हरांड्यात उभे होते. त्यांनी आधी गाडी बघितली, मग कासोटा.

"बाई, लोक शिकून पुढे जातात. तुम्ही मागे आलात."

"हो सर," मी म्हटलं. "पण घंटेच्या आत आले."

तेवढ्यात घंटा झाली आणि माझ्या हातातला डबा पडला.

०००

आता गाऱ्हाण्याचा किस्सा. आमच्याकडे नवीन काही आणलं, होडी असो की बैलजोडी, की गावातला जाणता माणूस देवापुढे नारळ ठेवून त्याच्यासाठी गाऱ्हाणं घालतो. तो "बा देवा म्हाराजा" म्हणून हाक मारतो, मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेली सगळी माणसं एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. ती सवय इथल्या माणसाच्या रक्तातच असते. झोपेतून उठवून म्हटलं तरी "व्हय म्हाराजा" येणार.

आमच्या शेजारचे दाजी गावकर गाऱ्हाणं घालायला आले. जन्मभर त्यांनी होड्यांचीच गाऱ्हाणी घातलेली. डोळे मिटले आणि सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान आज जी काय नवी गाडी हाडल्यान हा, तिच्या शिडात बरो वारो भरूंदे!"

"व्हय म्हाराजा!"

"तिका तुफान लागा नको, तिचो तळ खडकाक घासा नको!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ती भरान येवंदे रे म्हाराजा, मासळेन भरान!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज पास्कूकाकांचा. त्यांनी हँडलला आपल्या क्रुसावरच्या सायबाचा छोटा बिल्लाही बांधला होता. म्हणाले, "तुमचो देव फुडे बघात, माझो सायब मागसून."

आई हळूच दाजींना म्हणाली, "दाजीनू, ही गाडी आसा. होडी नाय."

दाजींनी एक डोळा उघडला. "देवाक कळता," म्हणाले आणि नारळ फोडला.

०००

देवाला कळलं नसावं. दुसऱ्याच दिवशी तिठ्यावर जानकी मासेवाली हात आडवा करून उभी. तीही रोज मसुऱ्याला मासे विकायला जायची, माझ्याच एसटीने, म्हणजे इतिहासात.

"मास्तरीणबाय, थांब गो. माका मागे घे."

"जानकीबाय, टोपली खंय ठेवतलंस? आणि मी अजून नवीन आसंय, माका भिया वाटता."

"माका पण वाटता. पण दाजीन देवाक शब्द दिलेलो आसा. गाडी मासळेन भरूक होयी."

देवाला दिलेला शब्द मोडायचा कोणी? जानकी मांडीवर बांगड्यांची टोपली घेऊन मागे बसली. शाळेच्या फाटकाशी आलो तेव्हा आमच्या मागे मसुऱ्यातली निम्मी मांजरं होती. हेडमास्तर व्हरांड्यातून खाली उतरले. मला वाटलं, आता नोकरी गेली. त्यांनी टोपलीवरचं पान उचलून बघितलं.

"बाई," ते अतिशय शांतपणे म्हणाले, "सुरमई असेल त्या दिवशी घंटेच्या थोडं आधी या."

०००

हॉर्नशिवाय वळणावर फार भीती वाटायची, म्हणून कणकवलीहून रबरी फुग्याचा एक हॉर्न मागवला. सड्यावर एक म्हैस रस्त्यात उभी होती. मी फुगा दाबला. आवाज छान मोठा आला. मी दचकले आणि थेट करवंदीच्या जाळीत गेले.

म्हशीचा मालक काठी टेकत आला. त्याने मला बाहेर ओढलं, गाडी उभी करून दिली. "म्हस उभीच रवली," म्हणाला. "तूच पळालंस."

त्या दिवशी मी हॉर्न काढून आईकडे दिला. आईने तो कपाटात जपून ठेवला, आणि रबर सुकू नये म्हणून अधूनमधून त्याला खोबरेल तेल चोळत राहिली.

पुढच्या वळणांवर मग मी काय करायची? काही ठरवून केलं नाही. वळण आलं की तोंडातून आपोआप निघायचं, "बा देवा म्हाराजा!" पहिल्यांदा निघालं तेव्हा मागे टोपली धरून बसलेली जानकी खणखणीत आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" दुसऱ्या वळणावर शेतात कापणी करणाऱ्या बायकांनी कमरेत वाकल्यावाकल्याच उत्तर दिलं. आठवड्याभरात त्या रस्त्यावरच्या बैलगाड्या आपणहून कडेला होऊ लागल्या. ती म्हैससुद्धा बाजूला सरली.

०००

परीक्षेचे दिवस जवळ आले. हेडमास्तरांनी पुन्हा बोलावलं.

"बाई, तुम्हाला कायम करावं असं मी कमिटीला सांगणार आहे. परवाना दाखवा."

"कसला सर?"

"गाडी चालवायचा. कमिटी पहिला प्रश्न तोच विचारणार. मुलांना नियम शिकवणारी बाई बिनपरवान्याची असून चालणार नाही."

परवान्याचे साहेब रत्नागिरीहून मालवणला येणार होते. त्यांची पुढची खेप थेट पावसाळ्यानंतर, म्हणजे कमिटीची बैठक होऊन गेल्यावर. त्या दिवशी मी कपाटातून हॉर्न काढला, हँडलला बांधला, आणि पास्कूकाकांना मागे बसवून मालवणला गेले. वाटेत हॉर्न वाजवून बघितला नाही. पुन्हा जाळीत जायचं नव्हतं.

साहेब घाटावरचे. बाजारात मासळी बाजाराच्या तोंडाशी टेबल मांडून बसले होते. बाजूला हवालदार, मागे त्यांची बॅग धरून शिपाई. नऊवारीतली बाई मोटारसायकल घेऊन आलेली बघून अख्खा बाजार उभा राहिला. मासे कापणाऱ्या बायकांच्या कोयत्या थांबल्या. त्यात जानकीही होती, ती माझ्यासाठी मुद्दाम आली होती.

साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "दिवा?"

मी दिवा लावला.

"हॉर्न वाजवा."

मी दात आवळले. आज दचकायचं नाही असं स्वतःला बजावलं आणि फुगा दाबला. खोबरेलाने रबर लोण्यासारखं मऊ झालेलं. माझी बोटं आरपार गेली, आणि कोणी नि:श्वास टाकावा तसा "फुस्स" एवढाच आवाज आला.

साहेबांनी टोपणातून काढलेलं पेन परत टोपणात घातलं. "हॉर्न नाही तर परवाना नाही, बाई. पुढच्या खेपेला या."

पास्कूकाका काहीतरी बोलायला पुढे झाले. मी त्यांना हातानेच थांबवलं. हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं, बाजाराकडे तोंड केलं आणि होता नव्हता तेवढा श्वास घेऊन ओरडले,

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मासळी बाजार ओरडला. भाजीवाले ओरडले. धक्क्यावर जाळी उतरवणारे खलाशी पाठमोरेच ओरडले. हवालदाराचा हात टोपीकडे गेला आणि तोही ओरडला. साहेबांच्या मागे उभा असलेला त्यांचा शिपाई बॅग छातीशी धरून ओरडला. रस्त्यात आडवी उभी असलेली एक बैलगाडी मुकाट्याने कडेला झाली.

साहेबांनी शिपायाकडे बघितलं. मग बाजाराकडे. मग बराच वेळ माझ्याकडे.

त्यांनी पेनचं टोपण पुन्हा काढलं.

"हॉर्न ठीक," ते म्हणाले. "आता ब्रेक दाखवा."