चंद्राबाईची तार

चंद्राबाईला सापाची भीती नव्हती, अंधाराची नव्हती, जावेच्या जिभेचीसुद्धा नव्हती. ती भ्यायची फक्त तारेला.

सातारा जिल्ह्यातल्या ताकारी स्टेशनाकडच्या त्या गावातून घरटी एक माणूस पलटणीत गेलेला. लढाई पेटल्यापासून तारेचा शिपाई गावात शिरला, की कुणाच्या तरी दारात रडारड ठरलेली. शेजारच्या विजयमालेचं कुंकू अशाच एका तारेनं पुसलं. तेव्हापासून 'तार आली' म्हणजे माणूस गेला, असा गावाचा सरळ समज झाला. चंद्राबाई विधवा, आणि तिचा एकुलता एक नाथाजी बर्मात. रानात जाता-येता ती रुळाकडेच्या तारेच्या खांबाला कान लावायची. आत गुणगुण ऐकू आली की झटक्यात मागं सरायची. कुणाचं तरी मरण तारेतून चाललंय, आपल्या दारात न थांबलं म्हणजे मिळवली, असं पुटपुटत ती घर गाठायची.

त्रेचाळीस साली तिचा पुतण्या जोतीराम भूमिगतांत सामील झाला. एका सकाळी तो तारेचं भेंडोळं खांद्यावर टाकून परसदारी उभा राहिला.

"काकी, एवढं लपीव. लाइनीवरची कापलीया."

"कापली? म्हंजी आता तार यायची न्हाई?"

"तारच न्हाई तर यील कशी?"

बाई एवढी हरखली की तिनं त्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळाच ठेवला. एरवी लोण्याला ती बोट लावू द्यायची नाही. अंगणातल्या धान्याच्या रिकाम्या पेवात भेंडोळं उतरलं, वर दगड बसला, दगडावरून अंगण सारवलं गेलं. तारच नाही, तर पोराचं वाईट येणार कुठून? हसायचं त्यानं खुशाल हसावं. हसणाऱ्याचा पोरगा लढाईवर नसणार.

सरकार तार जोडायचं, पोरं पुन्हा तोडायची. मग पोलीस आले आणि हाताला लागेल त्याला चावडीपुढं झोडपून काढलं. त्यांचे बूट पेवावरून आपटत गेले, पण सारवणाखालचा दगड कुणाला दिसला नाही. पोलीस गेल्यावर पेन्शनीतले सुभेदार लालासाहेब तिच्या सोप्यात येऊन उसातून परतलेल्या जोतीरामवर कडाडले.

"तारा तोडून इंग्रज जातोय व्हय रं? मार खातंय गाव, अन् तुमी बसताय उसात! उद्या हीच मानसं तुमाला दारात उभी करायची न्हाईत."

"हात जोडण्यात किती वर्सं गेली, आबा? आज साहेब गावात पाय टाकायच्या आदी इचार करतोय. त्यो कशानं?"

"अन् पलटणीतल्या पोरांच्या आयांनी काय करायचं?"

जोतीरामनं तोंड उघडायच्या आत चंद्राबाईच मधे पडली.

"आयांचं आमी बगू, सुभेदार. तू तोड रं!"

लालासाहेब तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. बाईला देशभक्तीचं एवढं वारं कधी लागलं, हे त्यांना कळेना.

पुढं दिवाळी सरली आणि एका दुपारी तारेचा शिपाई सायकल ढकलत तिच्याच दाराशी आला. चंद्राबाईनं धाडकन दार लावून घेतलं.

"तारा तोडल्याल्या हाईत! कुठनं आनलीस तू?" ती आतून किंचाळली.

"टपालानं आली, बाई. लाइन बंद, म्हनून लय दिस वाटंतच अडकून पडली."

ती कागदाला हात लावेना. शेवटी शिपायानंच लालासाहेबांना बोलावून आणलं. त्यांनी वाचलं आणि दारावर थाप मारली.

"वैनी, दार उगडा! नाथाजी जित्ता हाय! जखमी हाय, पुन्याच्या लष्करी इस्पितळात. तुमाला बोलीवलंय, लगीच." मग त्यांची नजर तारखेवर गेली आणि आवाज खाली आला. "पर तारीख लय जुनी हाय."

ताकारीपुढचे रूळ पोरांनी उखडलेले. म्हणून लालासाहेबांनी बैलगाडी जुंपली आणि पुढच्या स्टेशनापर्यंत धक्के खात दोघं निघाली. वाटभर ती एकच विचारत होती, "आसंल न्हवं ओ?" लालासाहेब दर वेळी बैलांना उगाच हाकारत होते.

नाथाजी होता. पांघरुणाखाली त्याचा एकच पाय होता.

"कापायच्या आदी तुला बगायचं हुतं, आये. डाक्टर थांबला बी. मग म्हनला, आता थांबलो तर जीव जाईल. रोज दाराकडं बगत हुतो मी. तार मिळाली न्हाई व्हय?"

"तारा तोडल्या हुत्या रं."

पोराचा चेहरा उजळला. "म्हंजी खरंच? हितं समदी सातारच्या पोरांचं नाव काढत्यात. म्या छाती काढून सांगतो, आमच्याकडचीच हाईत म्हून. कुनी तोडल्या गं?"

खोटं बोलणं सोपं होतं, आणि लालासाहेबांनी तिला डोळ्यांनी खुणावलंही. चंद्राबाईनं ते पाहिलं नाही.

"जोतीरामानं तोडल्या," ती म्हणाली. "अन् मी लपीवल्या. तुजी तार येऊ ने म्हून."

नाथाजीनं हातात धरलेला तिचा हात सोडला नाही. नजर मात्र त्यानं पुन्हा दाराकडं वळवली.